पाचवा बिल्ला

१

वादळ येऊन गेलं त्याला नऊ दिवस झाले होते, आणि नवव्याही दिवशी सकाळची सुरुवात तशीच झाली. जीप कोपऱ्यावर थांबली, चौघे लाइनमन आळोखेपिळोखे देत उतरले, आणि चहाचं नाव काढायच्या आधी मोठ्या खटक्याकडे जाऊन आपापला बिल्ला अडकवून आले.

हा खटका म्हणजे कोपऱ्यावरच्या लोखंडी चौकटीतला एक लांब दांडा. दांडा खाली असला की किनाऱ्याच्या गल्लीची सगळी लाईन मेलेली, वर केला की जिवंत. गल्लीत चौदा खांब. एक नंबरचा खांब खटक्यापासून दहा पावलांवर आणि चौदावा पार समुद्राच्या टोकाला, आरोग्य केंद्राच्या दारात. जो कुणी या तारांवर काम करणार, त्याने आधी आपला पितळी बिल्ला दांड्याच्या कडीत अडकवायचा, आणि काम संपवून दोन्ही पाय जमिनीला लागले की काढायचा. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. साहेबालासुद्धा दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावायची मुभा नाही. लावलं तर नोकरी जाईल ती जाईल, पण त्याआधी बाकीचे चोप देतील. कारण कडीत एक जरी बिल्ला लटकत असला, तर त्याचा अर्थ एकच: माणूस वर आहे.

चौघांनी चार बिल्ले अडकवले. कडीत पाच झाले.

पाचव्याकडे कुणी बघत नव्हतं. बघायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण नऊ दिवसांत सगळ्यांना ते जमून गेलं होतं. पाचवा बिल्ला दाजींचा होता. वादळाच्या दुपारी तारा तुटून पाण्यात पडायला लागल्या, तेव्हा दाजींनीच येऊन दांडा खाली ओढला, आपला बिल्ला अडकवला आणि गल्लीत शिरले. त्यांची मोटरसायकल नंतर बाराव्या खांबाजवळ चिखलात सापडली. दाजी सापडले नाहीत.

दाजी म्हणजे खात्रीरावच्या ताईचे यजमान. आता खात्रीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चौघांतला हा सगळ्यात सावध. मेलेली तारसुद्धा तीनदा तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणून दाजींनीच ते नाव ठेवलं होतं. "आमचे खात्रीराव लग्नातसुद्धा अंतरपाट वर करून बघत होते, बायको तीच आहे ना," असं दाजी चारचौघांत सांगायचे, आणि खात्रीराव कानापर्यंत लाल व्हायचा. वादळाच्या दुपारी ड्यूटी खात्रीरावची होती. पण त्याच्या घराचे पत्रे उडाले, दाजी म्हणाले, तू घर बघ रे, मी जातो. हे तो कुणाला बोलला नव्हता. ताईला तर नाहीच.

२

नवे खांब बोटीने धक्क्यावर आले होते, म्हणून काम समुद्राच्या टोकाकडून सुरू झालं. चौदा, तेरा, बारा असे करत करत ते आदल्या दिवशी दहापर्यंत आले होते. नवव्या खांबाची तार संध्याकाळी गटारात पडलेली होती. खात्रीरावने स्वतः तिच्यावरून उडी मारली होती, त्यात त्याची चप्पल तुटली होती, म्हणजे आठवणीत घोळ व्हायचं काही कारण नव्हतं.

आणि सकाळी तार वर होती.

"बघ, रात्री कोणीतरी पुण्य करून गेलं," पैलवान म्हणाला. पैलवान हा चौघांत सगळ्यात किडकिडीत, वारा सुटला की त्याला दोरीने बांधा असं सगळे म्हणायचे. "बाहेरच्या गावाहून लाइनमनच्या टोळ्या आल्यात ना? त्यांचं काम असणार."

"रात्री? बिनउजेडाचं?"

"मग पहाटे. तुला काय करायचंय? आयतं झालंय, पुढे चल."

पण खात्रीरावला पुढे जाता येईना. तो शिडी लावून वर चढला. तार चिनीमातीच्या इन्सुलेटरला बारीक तारेने बांधलेली होती, घट्ट, सफाईदार, शेंडा आत दुमडलेला, हाताला लागू नये म्हणून. काम असं की शिकाऊ पोरांना दाखवावं. फक्त पीळ उलटा होता.

माणूस उजवा असला की बांधणीची तार एका बाजूने फिरवत नेतो. दुसऱ्या बाजूने नेणारा या अख्ख्या सेक्शनात एकच होता. दाजी डावरे होते, त्यांची पक्कड डाव्या हातात असायची, आणि त्यांचं काम खालूनसुद्धा ओळखू यायचं.

खात्रीराव बराच वेळ वरच थांबला. जुनं काम असेल, त्याने स्वतःशी म्हटलं. पण खांब नवा होता, कालच उभा केला होता. मग बाहेरच्या टोळीत कुणी डावरा असेल. डाव्या हाताची माणसं काय थोडी असतात जगात? दुपारी तो मुद्दाम खाडीपलीकडे जाऊन त्या टोळीच्या मुकादमाला विचारून आला. मुकादम म्हणाला, "भाऊ, आमचंच आवरेना, तुमच्या गल्लीत कशाला मरायला येऊ?"

दुसऱ्या दिवशी आठवा आणि सातवा झालेले होते. पीळ उलटाच.

३

ताईचं घर कोपऱ्यावर होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक नंबरचा खांब आणि त्यामागे खटका दोन्ही दिसायचे. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ राहिली होती, तिच्याखाली रंगाला मिठाचे पोपडे. फ्रीजचं दार दोरीने उघडं बांधलेलं, म्हणजे आत वास कोंडायला नको. गाद्या उन्हात टाकून टाकून शेवटी तिने त्या फेकून दिल्या होत्या आणि आता चटईवर झोपत होती. घरात पंख्याचा नाही, फ्रीजचा नाही, कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे भांडं खाली ठेवलं तरी दचकायला व्हायचं.

"साहेब येऊन गेला," ताई म्हणाली. ती दाजींचा खाकी शर्ट तिसऱ्यांदा धूत होती. खारं पाणी कापडातून जाता जात नाही. "म्हणतो, वहिनी, मन घट्ट करा. मी म्हटलं, तुमच्या कडीत ह्यांचा बिल्ला आहे की नाही? आहे ना? मग माणूस कामावर आहे. कामावरच्या माणसाबद्दल असं बोलायचं नसतं."

"ताई, अगं..."

"अगं काय? नियम तुमचाच आहे. तो बिल्ला कोणी काढला ना, तर मी त्याचा हात मोडेन. तुझा असला तरी."

इथे खात्रीरावने एक चूक केली. शर्ट पिळणाऱ्या तिच्या लाल झालेल्या बोटांकडे बघून त्याचा जीव कळवळला, आणि जे पोटात ठेवायचं ते त्याने ओठावर आणलं. उलट्या पिळाचं सगळं सांगून टाकलं.

ताईने शर्ट बादलीत सोडला. तिचा चेहरा एवढा उजळला की त्याला तिच्याकडे बघवेना.

"मग घरी का येत नाहीत?" तो हळूच म्हणाला. "ताई, जरा विचार कर. जिवंत माणूस दहा दिवस..."

"काम अर्धं टाकून हे कधी आलेत?" ती म्हणाली. "तू ओळखत नाहीस यांना? झालं की येतील. किती खांब राहिले?"

"सहा," खात्रीराव म्हणाला.

४

आरोग्य केंद्रात मात्र आवाज होता. मागच्या अंगणात जनरेटर धडधडत होता, आणि आतल्या लांब खोलीत, खिडकीजवळच्या खाटेशी, प्राणवायूचं यंत्र दर दोन सेकंदांनी सुस्कारा सोडत होतं. खाटेवर दाजींची आई होती. फुप्फुसं आधीच कमजोर, त्यात वादळाच्या रात्री गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिलेली. नाकात नळी, अंगावर दोन चादरी, आणि डोळे मात्र लख्ख.

"डिझेल उद्या दुपारपर्यंत," नर्सबाई व्हरांड्यात म्हणाल्या. "पूल खचलाय, टँकर अडकलाय. सिलिंडर होतं ते परवाच संपलं. मला बाकीचं काही सांगू नका, लाईट कधी येणार तेवढं सांगा."

साहेबाने खात्रीरावला बाजूला घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. दहा दिवस तोही जीपमध्येच झोपत होता, दाढीचे खुंट पांढरे दिसायला लागले होते.

"उद्या दांडा वर, लाईन चार्ज करायची," तो म्हणाला. "बिल्ला तू काढ. बाकी कुणी काढला तर बरं दिसणार नाही. तू घरचा आहेस."

"साहेब, कोणीतरी काम करतंय तारांवर."

"कोण?"

खात्रीराव वर तारांकडे बघू लागला. साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झोप कधी झाली तुझी शेवटची?" त्याने विचारलं, आणि त्यावर खात्रीरावला खरंच काही आठवेना.

निघताना म्हातारीने त्याला खुणेने जवळ बोलावलं. मुलगा सापडत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तो लाईनवर आहे, एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे की काय याची आता खात्रीरावला खात्री उरली नव्हती.

"त्याला म्हणावं," म्हातारी दोन सुस्काऱ्यांच्या मध्ये बोलली, "माझ्यासाठी घाई करू नको. नीट उतर."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत काही काम उरलंच नाही. सहा, पाच, चार, तीन, दोन, सगळे खांब बांधून झालेले. चौघे नुसते रांगेने चालत एकेक खांब बघत आले. पहिले दोन दिवस पैलवानाची थट्टा चालली होती, ती केव्हाच बंद पडली होती. चौघांतले बाकीचे दोघे सख्खे भाऊ होते, ते एकमेकांना चिकटून चालत होते आणि वर बघत नव्हते.

"मी केंद्रावर जाऊन थांबतो," पैलवान एकदम म्हणाला. "वॉकीटॉकीवर कळवत राहीन." आणि उत्तराची वाट न बघता, कडीतला आपला बिल्ला काढून तो उलट्या दिशेने सुटला. दोघा भावांनीही खटक्यापाशी जाऊन आपापले बिल्ले काढले आणि ते जीपमागे जाऊन बसले.

खात्रीराव एक नंबरच्या खांबाखाली उभा राहिला. तिथली तारही वर चढलेली होती.

तारांवर कावळे बसले होते. वादळात झाडं गेली, त्यामुळे गावातले झाडून सगळे कावळे हल्ली तारांवरच असायचे, खांद्याला खांदा लावून, पार चौदाव्या खांबापर्यंत. फक्त एक नंबरच्या खांबाशी जागा रिकामी होती. दोन्ही बाजूंना दीडेक हात. माणूस वर चढून कामाला लागला, की पाखरं जेवढी सरकून बसतात तेवढी. एक कावळा उडत येऊन तिथे बसायला गेला, पाय खाली केले आणि शेवटच्या क्षणी फडफडून बाजूला झाला.

ऊन, त्याने स्वतःला सांगितलं. लोखंड तापलंय.

मग खांबावर ठोके पडले. तीन.

पक्कडीने खांबावर एक ठोका म्हणजे दोरी सोड. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे मी वर आहे, खाली कोणी काही करू नका. हे त्याला दाजींनीच शिकवलं होतं, अठराव्या वर्षी.

"पत्रा वाजतोय कुठेतरी," साहेब जीपमधून म्हणाला. गल्लीत फाटके पत्रे होतेच, वारंही होतं. खात्रीरावने पत्रा शोधायला मान वळवली, आणि ताई दिसली. ती खिडकीत उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती वर, त्या मोकळ्या जागेकडे बघत होती, आणि हसत होती.

६

वॉकीटॉकी खरखरली.

"जनरेटर बसला," पैलवान म्हणाला. "ऐकू येतंय का? डिझेलच्या तळाला गाळ होता. बंद पडलाय. मशीन बंद आहे."

साहेब रजिस्टर टाकून जीपमधून उतरला. "कर," तो म्हणाला. "बिल्ला काढ आणि कर."

खात्रीराव दांड्यापाशी गेला. कडीत दोन बिल्ले होते. त्याने आपला काढून खिशात टाकला. दुसऱ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि त्या सगळ्याच्या वर तो लाइनमन होता. नियम असा, की चार्ज करण्याआधी वर हाक द्यायची आणि उत्तराची वाट बघायची. तो खांबाकडे वळला.

"दाजी," त्याने हाक मारली. आवाज घोगरा आला, म्हणून पुन्हा मारली. "दाजी, आईचं मशीन बंद पडलंय. आता खाली या."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिला.

खांबाला चढायला लोखंडी दांड्यांच्या पायऱ्या असतात. एक नंबरच्या खांबाला बारा होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर बुटाची टाच टेकल्याचा आवाज आला. मग त्याखालची. सावकाश, एकेक, पाय चाचपून उतरणाऱ्या माणसासारखा. कोणीतरी घाई न करता, नीट उतरत होतं.

तीन. चार.

"ओठ काळेनिळे पडतायत," पैलवान ओरडला. "नर्सबाई हाताने श्वासाचा पंप दाबतायत, पण काही होत नाहीये. अरे, करा ना!"

पाच. सहा.

"काय करतोयस?" साहेब म्हणाला. "कशाला थांबलायस?"

सात. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. ऊन होतं, गंजाचे डाग होते, खांबाला चिकटलेलं शेवाळ होतं. तरी प्रत्येक आवाजाबरोबर त्या त्या पायरीवरचं वाळलेलं शेवाळ भुगा होऊन खाली पडत होतं. आठ. खात्रीराव तोंडातल्या तोंडात मोजत होता. अजून चार. चार पायऱ्यांना किती वेळ लागतो? दहा सेकंद? तेवढं तर कोणीही थांबेल.

"गेली रे!" पैलवानाचा आवाज फाटला. "श्वास थांबला!"

खात्रीरावने पाचवा बिल्ला कडीतून ओरबाडला आणि दांडा वर केला.

७

गल्ली एकदम पेटली. नऊ-दहा दिवस कोणी बटणंच बंद केली नव्हती, त्यामुळे प्रत्येक घरातला प्रत्येक दिवा, पंखा, कुणाचा टीव्ही, कुणाचा रेडिओ, सगळं एकदम सुरू झालं. लोक रस्त्यावर येऊन ओरडायला लागले, टाळ्या वाजवायला लागले.

मग एक क्षणभर सगळे दिवे मंद झाले. पार कंदिलासारखे पिवळे. पंखे अडखळले, रेडिओ गुरगुरला. आणि पुन्हा लख्ख झालं.

लोकांनी तिकडे लक्षही दिलं नाही. आले ना दिवे, बस्स. पण लाइनमनला ते कळतं. चालू तारेला काही चिकटलं, फांदी म्हणा, पाखरू म्हणा, की दिवे तसे खाली बसतात. फांदीने थोडे बसतात. इतके खाली कशाने बसतात, ते खात्रीरावने नोकरीत एकदाच पाहिलं होतं.

तो खांबाकडे बघत उभा राहिला. नववी पायरी वाजली नाही. खांबाच्या बुंध्याशी शेवाळाचा भुगा पडला होता, त्यावर काही नव्हतं. चिखल गुळगुळीत होता.

"आली!" वॉकीटॉकीतून पैलवान रडत होता की हसत होता कळत नव्हतं. "श्वास आला म्हातारीचा! मशीन चालू आहे! वाचली रे, वाचली!" साहेबाने खात्रीरावला मिठी मारली. त्याच्या अंगाला घामाचा आणि डिझेलचा वास येत होता. "शाबास," तो म्हणत होता, "शाबास." खात्रीरावचे हात खालीच लोंबत राहिले.

ताईच्या घराचं दार सताड उघडं होतं. तो आत गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, खिडकीकडे पाठ करून. दिव्याच्या उजेडात भिंतीवरची पाण्याची रेघ जास्तच काळी दिसत होती. न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"आई?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत."

ताईने डोळे मिटले आणि पदराने तोंड पुसलं. मग सरळ त्याच्याकडे बघितलं. "मी उतरताना ऐकलं ह्यांना," ती म्हणाली. "पायऱ्यांवर. मग म्हटलं, गिझर लावावा, गार पाण्याने दहा दिवसांचा चिखल निघायचा नाही. म्हणून आत आले, पुढचं बघितलं नाही. तू तिथेच होतास ना?"

"होतो."

"उतरले ना नीट?"

ती विचारत होती तसंच, सहज, कामावरून आलेल्या माणसाबद्दल विचारतात तसं. उभ्या जन्मात त्याने न तपासता एक अक्षर बोललेलं नव्हतं.

"उतरले," तो म्हणाला.

"देवा रे," ताई म्हणाली, आणि तिचं रडू फुटलं. रडता रडता तिने खुंटीवरचा धुतलेला शर्ट काढला, झटकला, हातांनी त्याच्या सुरकुत्या साफ करायला लागली. नळाचं पाणी बादली भरून वाहायला लागलं होतं. तिने जाऊन तो बंद केला, आणि घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज राहिला नाही.

"बस ना, उभा काय राहिलास," ती म्हणाली. "येतीलच आता."

खात्रीराव चटईवर बसला. दाराकडे तोंड करून बसायची त्याला हिंमत झाली नाही आणि पाठ करून बसायचीही नाही, म्हणून तो भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला, आणि ताईबरोबर वाट बघू लागला.